सव्वीस निबंधांतला माणूस

अबोलीचं डोकं फिरलं ते अळूवरून.

अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या देशी किराणा दुकानात अळूची पानं महिन्यातून एखाद्याच गुरुवारी येतात आणि आली की तासाभरात संपतात, हे तिथल्या कुठल्याही मराठी बाईला विचारा. अबोली दोन महिने अशा एका गुरुवारवर टपून बसली होती. त्या दिवशी चारच्या सुमाराला ती दुकानात शिरली, भाजीच्या खोक्यांपाशी जवळजवळ धावत गेली आणि तिच्या डोळ्यांदेखत एका उंच माणसाने उरलेल्या आठही जुड्या उचलून आपल्या ट्रॉलीत टाकल्या. एक नाही, दोन नाही, आठही. वर फोनवर कोणाला तरी मराठीत सांगत होता, हो, मिळालं, सगळं मिळालं.

मराठी आहे म्हटल्यावर तिला धीर आला. एक जुडी द्याल का, असं तिने अगदी गोड आवाजात विचारलं. तो म्हणाला, आठ आणायला सांगितल्यात, आठच न्यायच्यात. मंडळाचा कार्यक्रम आहे, चाळीस माणसांचं फदफदं करायचंय.

"चाळिसांत एक जुडी कमी पडली तर कोणाला कळणार आहे?"

त्याने करंगळीने चष्मा वर सरकवला आणि खरोखर विचार केला. "मला कळेल," तो म्हणाला आणि हसला.

नकार एक वेळ चालला असता, पण ते हसणं? डाव्या गालाला खळी पाडून, वर पुन्हा सॉरी हां म्हणून? अबोलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काही न घेता बाहेर पडली, गाडीत बसली आणि पूर्ण दहा मिनिटं स्टीअरिंगशी बोलत राहिली. जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाच वाजता तिचा वर्ग होता. अबोली मूळची इचलकरंजीची. इंग्रजी शिकली, इथे येऊन मास्टर्स केलं आणि एका छोट्या कंपनीत लागली. अमेरिकन कॉलेजांत जायचं तर जी इंग्रजीची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तिची तयारी ही कंपनी चीनमधल्या शाळांतल्या मुलांकडून करून घ्यायची. अबोलीच्या वाट्याला चेंगदूमधल्या एका शाळेचा वर्ग आला होता. इकडे संध्याकाळचे पाच, तिकडे सकाळचे आठ. पडद्यावर सव्वीस झोपाळू चेहरे. सगळ्यांनी आपापली इंग्रजी नावं स्वतःच ठेवली होती. एकाचं रॉकेट होतं, एकीचं ट्यूजडे आणि मागच्या रांगेत बसून कधीच न हसणारी एक मुलगी होती, तिचं नाव विंटर.

त्या दिवशीचा विषय होता, तुम्हाला कोणी नकार दिला असा प्रसंग लिहा आणि त्यातून काय शिकलात ते सांगा. मुलांनी नेहमीसारखा एकच घोष लावला, टीचर, आधी नमुना दाखवा. नमुन्याशिवाय ही पोरं पेन उचलायची नाहीत. एरवी अबोली टाळाटाळ करायची, पण त्या दिवशी तिच्या आत वाफ कोंडली होती. तिने त्यांच्यासमोर बारा मिनिटांत अख्खा निबंध टाइप केला. अळू, आठ जुड्या, ट्रॉली. निळा चौकडीचा शर्ट, त्याचं वरून तिसरं बटण तुटलेलं, तिथे लोंबणारा दोरा. करंगळीने चष्मा वर करायची ती लकब, ती खळी, सगळं. शेवटी परीक्षकांना आवडतं म्हणून लिहून टाकलं की या माणसाने मला संयम शिकवला. तद्दन खोटं. पण मन मोकळं झालं आणि घरी जाऊन तिने वरणभात खाल्ला.

सोमवारी ऑफिसात प्रतिमाताईंनी एका नव्या माणसाची ओळख करून दिली. प्रतिमाताई म्हणजे अबोलीच्या वरिष्ठ, कंपनीतल्या निबंध विभागाच्या प्रमुख, बोलायला मऊ आणि कामाला कडक. म्हणाल्या, हा सिद्धेश, नागपूरचा, इतके दिवस तिकडे उत्तरेला बॉथेल गावात होता. निबंध तपासायचं आपलं नवं सॉफ्टवेअर यानेच लिहिलंय. मशीनने शंका काढली की शेवटचा निकाल हा देणार.

तोच. शर्ट दुसरा होता, माणूस तोच.

"अळू छान झालं होतं," सिद्धेश हळूच म्हणाला.

"घशाला खाज नाही आली?"

"आली असती तर बरं वाटलं असतं का तुला?"

तुम्हीवरून तूवर कधी आला ते तिला कळलंही नाही. कळलं तेव्हा तिला त्याचाही राग आला.

पुढचे तीन आठवडे नुसती भांडणं. सिद्धेशचं मशीन रॉकेटच्या एका चांगल्या वाक्याला गुण द्यायचं नाही, की अबोली दोन मजले उतरून त्याच्या टेबलापाशी हजर. तो शांतपणे नियम दाखवायचा. ती म्हणायची, नियम चुलीत घाल, वाक्य वाच. एक दिवस ती गेली तर टेबलाशेजारी जास्तीची खुर्ची होती. कोणाची म्हणून विचारलं, तर म्हणाला, तुझीच, उभ्याने भांडून पाय दुखतात. ती मुद्दाम उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र बसली. तो बोलता बोलता संत्रं सोलायचा आणि अर्ध्या फोडी न विचारता तिच्या बाजूला सरकवायचा, आणि ती रागारागाने बोलत त्या खाऊन टाकायची.

आता तुम्हीच सांगा, एका स्वल्पविरामासाठी कोणी दोन मजले उतरतं का? अबोली उतरायची. लिफ्टच्या आरशात केस ठीक करायची आणि मग कपाळाला आठ्या घालून बाहेर पडायची. हे तिला कोणी सांगितलं असतं तर तिने सांगणाऱ्याला फाडून खाल्लं असतं.

आणि मग ती सराव परीक्षा झाली.

ही परीक्षा साधीसुधी नव्हती. हिच्यात जो पास होईल त्यालाच शाळा खऱ्या परीक्षेला हाँगकाँगला पाठवणार होती. वर्गातल्या पंचवीस जणांना पुढच्या वर्षी पुन्हा संधी होती. विंटरला नव्हती. ती शेवटच्या वर्षाला होती, गेल्या खेपेला तापाने हुकली होती. शाळेच्या इंग्रजी शाखेत आलं की चिनी प्रवेशपरीक्षेचा अभ्यास सुटतो, मागे फिरायला वाट उरत नाही. म्हणजे या यादीत नाव नाही, तर विंटरला ना इकडचं कॉलेज, ना तिकडचं. आणि यादी शुक्रवारी, फ्रीमाँटच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत शाळेकडे पोचायला हवी होती.

मंगळवारी सकाळी सिद्धेशने तिला खाली बोलावून घेतलं. टेबलावर संत्रं नव्हतं. म्हणाला, मशीनने अख्खा वर्ग अडवलाय. सव्वीसच्या सव्वीस निबंध एकच आहेत.

"शक्यच नाही," अबोली म्हणाली. "तुझं मशीन बिघडलंय."

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. विषय आला होता, तुम्हाला राग आला असा प्रसंग. पहिला निबंध रॉकेटचा. चेंगदूच्या बाजारात एका उंच माणसाने आठ जुड्या उचलल्या. दुसरा ट्यूजडेचा. उंच माणूस, निळा चौकडीचा शर्ट. तिसरा, चौथा, पाचवा... अबोली वाचत गेली आणि तिचे कान तापत गेले.

"माझं बटण सव्वीस वेळा तुटलंय," सिद्धेश म्हणाला. "दोघांच्या निबंधात तर मला मिशीपण आहे."

तो हसत होता की नाही हे बघायची तिची हिंमत झाली नाही. आणि तिला कोणाचा जास्त राग येत होता तेही कळेना. मुलांचा? त्यांनी काय गुन्हा केला? चांगलं लिहिलेलं पाठ करायचं, हेच त्यांना पहिलीपासून शिकवलेलं. आणि हे तिला कळायला नको होतं? दहावीला तिने 'माझे आजोळ' गाईडमधून घोकून लिहिलं होतं. आमराई, विहीर, मोटेचा आवाज. तिचे आजोबा इचलकरंजीत यंत्रमागाच्या पेठेत दोन खोल्यांत राहायचे आणि विहीर त्यांनी दुरूनच पाहिली होती. तिला दहापैकी नऊ पडले होते. ती बाई या पोरांसमोर नमुना टाइप करून मोकळी झाली आणि वर त्यांनी तो पाठ करू नये अशी अपेक्षा. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला, आणि ते आजोळाचं तिने सिद्धेशला सांगूनही टाकलं.

"मी 'माझा आवडता पक्षी' लिहिला होता," सिद्धेश म्हणाला. "मोर. नागपुरात आमच्या गल्लीत फक्त कावळे." मग म्हणाला, "पण पंचवीसच जणांनी पूर्ण पाठ केलंय, अबोली. हा बघ सव्विसावा."

तो विंटरचा होता. पहिले दोन परिच्छेद तेच, अळू आणि बटण. तिसरा मात्र तिचा स्वतःचा. सिद्धेशने तो मराठीत, हळू आवाजात वाचून दाखवला.

"माझ्या टीचर म्हणतात, त्या माणसाने त्यांना संयम शिकवला. मला हे पटत नाही. संयम आलेला माणूस दुसऱ्याचं बटण लक्षात ठेवत नाही. मला वाटतं, टीचरना राग अळूचा आला नव्हता. त्याने सॉरी म्हटलं, पण नाव विचारलं नाही, याचा आला होता."

अबोलीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सोळा-सतरा वर्षांची पोर, कधी हसत नाही, आणि मागच्या रांगेत बसून हे बघत होती?

"मूर्ख मुलगी आहे," ती म्हणाली.

"वर्गातली सगळ्यात हुशार आहे," तो म्हणाला. "असं... मला वाटतं."

मग अबोलीला खरं काम आठवलं. तिसरा परिच्छेद विंटरचा स्वतःचा आहे ना? दुसऱ्याचं वाचून ती त्यावर आपलं मत मांडतेय ना? कॉलेजात दुसरं काय करायचं असतं? बाकीच्यांना पुढच्या वर्षी बसू दे, पण हिला पास कर. सही कर आणि नाव पाठव. सिद्धेशने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसत बसला. त्याला निबंध पटला होता, तोंडावर दिसत होतं.

"मी सही करू शकत नाही," तो म्हणाला.

"का?"

"नियम आहे एक. मी... बघतो काय करता येईल ते. फॉर्म येईल तुला."

बस्स. तीन आठवडे साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. अबोली उभी राहिली आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत बोलली. म्हणाली, तुझ्यासारख्या माणसाला आठ म्हणजे आठच कळतात. समोर माणूस उभा आहे हे दिसत नाही. त्या पोरीला परत फिरायला जागा नाही आणि तू मला नियम दाखवतोस. एक जुडी दिली असतीस तर काय मंडळ बुडणार होतं? मराठी न कळणारे दोघं-तिघं घाबरून हेडफोन लावून बसले. त्याचा चेहरा उतरला. तिने त्या चेहऱ्याकडे पाठ फिरवली आणि जिने चढून वर आली, लिफ्टसुद्धा घेतली नाही.

वर आल्यावर पहिली गोष्ट तिने काय केली? सिद्धेशचा फोन ब्लॉक केला आणि त्याच्या सगळ्या मेल परस्पर एका बाजूच्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय केली. बुधवार गेला, गुरुवार गेला. वर्गात विंटर काही विचारायची नाही, नुसती बघत राहायची, आणि ते अबोलीला जास्त लागायचं. तिने प्रतिमाताईंना दोन लांबलचक पत्रं लिहिली आणि खोडली. शुक्रवारी दुपारी साडेतीनला तिला राहवेना. नोकरी गेली तर गेली, म्हणून ती तडक प्रतिमाताईंच्या खोलीत घुसली आणि म्हणाली, त्या माणसाला सांगा सही करायला.

प्रतिमाताईंनी मान वर केली. "तो कशी करेल सही? त्याने बुधवारी सकाळीच फाइल सोडलीय. मी तुझ्या फॉर्मची वाट बघतेय दोन दिवस."

"कुठला फॉर्म?"

त्यांनी आपला पडदा तिच्याकडे वळवला. कंपनीचा जुनाच नियम होता. अडवलेल्या वर्गाचा निकाल द्यायच्या आधी परीक्षकाने आणि शिक्षकाने, दोघांनीही लिहून द्यायचं की आपल्या मनात एकमेकांबद्दल असं काही नाही ज्याने न्याय वाकडा होईल. असेल, आणि दोघांनी तसं कबूल केलं, तर त्याच दिवशी दुसरा परीक्षक निकाल देतो, म्हणजे प्रतिमाताई. एकजण हो आणि दुसरा नाही म्हणाला, तर चौकशी, आणि चौकशीला दहा दिवस. सिद्धेशने 'हो'वर, म्हणजे मनात तसं काही आहे यावर, खूण केली होती. खाली कारणाच्या चौकटीत इंग्रजीत दोन ओळी होत्या. मला ती आवडते. तिच्या वर्गाचा निकाल मी दिला तर तो मी तिच्यासाठी दिलेला असेल, आणि त्या मुलीने तो स्वतः मिळवलाय.

अबोलीने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं हलायला लागली.

"खोटं लिहू नकोस हं," प्रतिमाताई कागद आवरत म्हणाल्या. "मुलीसाठी म्हणून 'हो' लिहिलंस तर ते मला चालणार नाही. खरं काय ते लिही. पण पाचच्या आत लिही."

ती जागेवर आली. बाजूच्या फोल्डरमध्ये सिद्धेशने पाठवलेला फॉर्म होता, बुधवारपासून. त्यावर सिद्धेशच्या अकरा मेल. शेवटच्या मेलमध्ये एवढंच होतं, माझ्यावर राग ठेव, पण फॉर्म भर. त्यात 'नाही' लिहिलंस तरी चालेल, दहा दिवसांत काहीतरी मार्ग काढू, मी शाळेशी बोलतोय. चार वाजले होते. विंटरसाठी 'हो' लिहायचं आणि मोकळं व्हायचं, हे सोपं होतं. पण खरं काय? तिने त्या चौकटीकडे बघत स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, की विंटर नसतीच, तर मी काय लिहिलं असतं? आणि उत्तर इतक्या चटकन आलं की तिला स्वतःचाच संताप आला. तिने 'हो'वर खूण केली. कारणाच्या चौकटीत लिहिलं, मी त्याच्याशी रोज भांडायला जाते आणि मंगळवारपासून गेले नाही, तर मला जेवण जात नाहीये. न्याय वाकडा होण्याइतकं हे पुरेसं असावं.

पाठवलं आणि जिने उतरून खाली गेली.

तो इमारतीमागच्या पायऱ्यांवर बसला होता. ऑक्टोबरचं पिवळं ऊन होतं, मागे वाळलेल्या गवताच्या टेकड्या. तिला बघून तो उठला आणि काय करावं न सुचून पुन्हा बसला. ती त्याच्या शेजारी बसली, मध्ये एका माणसाची जागा ठेवून. दोघंही फोनकडे बघत होते. साडेचार झाले. पावणेपाच झाले. चार वाजून बावन्न मिनिटांनी दोघांचे फोन एकदमच वाजले. प्रतिमाताईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. तिसरा परिच्छेद तिचा आहे, पास. नाव चेंगदूला पोचलं, शाळेने मान्य केलंय.

अबोलीने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि हुंदके देऊन रडली. सिद्धेशने हात पुढे केला, मध्येच थांबवला, आणि शेवटी तिच्या पाठीवर ठेवला.

"हात काढ," ती म्हणाली. त्याने काढला. "म्हणजे... राहू दे. पण माझा राग गेलेला नाही."

"कशाचा?"

"कशाचा म्हणजे? बुधवारपासून प्रतिमाताईंना माहीत. कंपनीच्या फायलीत माहीत. तीन दिवस मला सोडून सगळ्यांना माहीत."

"तू फोन ब्लॉक केला होतास."

"दोन मजले होते मध्ये, सिद्धेश. जिना होता. मी रोज उतरत होते, तुला एकदा चढता आलं नाही?"

तो करंगळीने चष्मा वर सरकवून म्हणाला, चुकलंच माझं.

"ऑफिसला इंग्रजीत कळवलंस," अबोली डोळे पुसत म्हणाली. "मला मराठीत कळव."

"आत्ता?"

"पाच मिनिटांत माझा वर्ग आहे. आत्ता."

त्याने टेकड्यांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. "मला... तू आवडतेस," तो म्हणाला. "खूप."

"एवढंच? त्या पोरीने सोळाव्या वर्षी अख्खा परिच्छेद लिहिला."

मधली रिकामी जागा त्याने सरकून भरून काढली, घसा साफ केला आणि तो बोलायला लागला. चेंगदूच्या वर्गाला त्या दिवशी टीचर सात मिनिटं उशिरा आल्या.